पंचेचाळीस मिनिटांचा सिलिंडर, वीस मिनिटांचं काम: स्वयंसेवी पथकासाठी बीए सेटचं परीक्षण

परीक्षण आहे पाठीवर घ्यायच्या श्वसनसंचाचं, म्हणजे अग्निशमनवाल्यांच्या बोलीतल्या बीए सेटचं. ६.८ लिटरचा कार्बन कॉम्पोझिट सिलिंडर, भरण्याचा दाब ३०० बार, पॉझिटिव्ह प्रेशरचा पूर्ण चेहऱ्याचा मास्क, खांद्यावरून पुढे येणारा गेज, हवा कमी झाल्याची शिट्टी आणि संचातच बसवलेला, माणूस निश्चल पडला की वाजणारा पास अलार्म. थोड्याफार फरकाने हीच मांडणी सगळे मोठे उत्पादक विकतात, म्हणून एका कंपनीची तारीफ किंवा निंदा इथे नाही. ज्या पथकात पगारी माणूस नाही, जिथे भोंगा वाजला की लोक घरून, दुकानातून, शेतातून धावत येतात, त्या पथकाच्या हाती हा संच कितपत चालतो, एवढंच बघायचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. यंत्र म्हणून पाचपैकी साडेचार. नुसतंच यंत्र घेऊन स्वयंसेवी पथकाने ते गाडीत टांगलं, तर पाचपैकी दोन. मधले अडीच गुण ज्या गोष्टींचे आहेत, त्यातली एकही खोक्यात येत नाही.

आधी जाहिरातीतल्या मिनिटांचा हिशेब. ६.८ गुणिले ३०० म्हणजे २,०४० लिटर हवा, असं पत्रकात छापलेलं असतं. एवढ्या दाबाला हवा कागदावरच्या नियमाप्रमाणे दबत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात मिळते साधारण १,८५० लिटर. मिनिटाला ४० लिटर धरून भागाकार केला की ‘४५ मिनिटं’ येतात. पण ४० लिटर हा बऱ्यापैकी सावकाश काम करणाऱ्या माणसाचा श्वास झाला. पाण्याने भरलेला होज ओढत जिना चढणारा माणूस ६० ते १०० लिटर सहज घेतो. मधला ८० चा आकडा धरा. शिट्टी साधारण ५५ बारला वाजते (युरोपीय मानकात ५५, पाच बार इकडे-तिकडे). त्या वेळी सिलिंडरमध्ये सुमारे ३७५ लिटर उरलेली असते. म्हणजे शिट्टीपर्यंत जेमतेम साडेअठरा मिनिटं आणि शिट्टीनंतर साडेचार. घाबरलेला माणूस याहून जोरात श्वास घेतो, तेव्हा ही साडेचारसुद्धा हातची धरू नयेत. अमेरिकी मानकाने तर शिट्टीची खूण आधीच्या २५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर नेली, कारण चतुर्थांश हवेत माणसं बाहेर पोचत नव्हती.

त्यातून सिलिंडर खरोखर ३०० ला भरलेला असेल तर. घाईत भरलेला सिलिंडर गरम होतो, गेज ३०० दाखवतो, आणि तो गार झाला की २७० वर येऊन बसतो. तेवढ्यात दोन मिनिटं गेली. उपाय सोपा आहे: सावकाश भरायचं, गार होऊ द्यायचं, मग पुन्हा वर न्यायचं. २७० च्या खाली आलेला सिलिंडर गाडीवर ठेवायचाच नाही, असा नियम केला की वाद मिटतो.

आता याच हवेत आत जाणं, काम आणि परत येणं बसवायचं आहे. जर्मनीत बहुतेक अग्निशमन दलं स्वयंसेवीच आहेत. तिथल्या श्वसनसंचाच्या नियमावलीत एक साधं सूत्र आहे: आत जायला जेवढी हवा लागली, त्याच्या दुप्पट परतीसाठी राखून ठेवायची. परतताना माणूस दमलेला असतो, धूर जास्त असतो, कदाचित कोणाला तरी ओढत आणायचं असतं, म्हणून दुप्पट. अमेरिकेतला नियम दुसऱ्या बाजूने येतो: शिट्टी वाजायच्या आत धोक्याच्या जागेतून बाहेर असायचं, शिट्टी ऐकून निघायचं नाही. दोन्ही एकत्र लावून बघा. आत पोचायला ६० बार गेले, गेज २४० वर आहे. परतीला १२०, वर शिट्टीचे ५५, म्हणजे १७५ ला पाठ फिरवायची. कामाला मिळाले ६५ बार. आत पोचायला ८० गेले असतील तर परतीला १६० अधिक ५५, म्हणजे २१५, आणि गेज दाखवतोय २२०. कामाला पाच बार! एका सिलिंडरवर किती खोल जाता येतं याची हद्द इथे संपते. पत्रकातली ४५ मिनिटं वाचून तळघराच्या टोकापर्यंत जाण्याचे बेत आखणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर स्वतः करून बघावा.

मग नऊ लिटरचा मोठा सिलिंडर घ्यावा का? विक्रेते हे हटकून सुचवतात. छोट्या पथकाने घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पाठीवरचं वजन आणि घेर दोन्ही वाढतात, अरुंद जागेत अडकायची शक्यता वाढते, आणि हवेच्या आधी माणूसच संपतो. अमेरिकेत कामावर असताना होणाऱ्या अग्निशामकांच्या मृत्यूंमध्ये सगळ्यात मोठं एकच कारण वर्षानुवर्षं अचानक बंद पडणारं हृदय हे आहे, धूर किंवा जळणं नव्हे. कॉम्पोझिट सिलिंडरचा भरलेला संच दहा-बारा किलोचा, जुन्या स्टीलचा पंधरा-सोळा किलोचा. त्यावर कोट, पँट, बूट, हेल्मेट, हत्यारं. हे सगळं अंगावर घेऊन, दिवसभर दुसरं काम करून आलेला पन्नाशीचा माणूस आत जातो. अमेरिकेतल्या विश्रांतीच्या नियमात तीस मिनिटांचे दोन सिलिंडर, किंवा ४५ अथवा ६० मिनिटांचा एकच, वापरला की किमान वीस मिनिटं सक्तीची विश्रांती आहे: कोट उघडा, पाणी, नाडी बघणं. ६.८ लिटरचा एक सिलिंडर आणि मग विश्रांती, एवढंच माप बहुतेकांच्या अंगाला बसतं. वाचलेल्या पैशात रिकामे सिलिंडर बदलायला जादा सिलिंडर घ्या.

संचातला सगळ्यात चांगला भाग म्हणजे मास्क आणि श्वास ओढला की हवा सोडणारा डिमांड व्हॉल्व्ह. मास्कच्या आत बाहेरच्यापेक्षा काही मिलिबार दाब कायम जास्त असतो, त्यामुळे बारीकशी फट राहिली तरी हवा बाहेर जाते, धूर आत येत नाही. आगीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड दोन्ही असतात. सायनाइड ५० पीपीएमला (हवेच्या दशलक्ष भागांत ५० भाग) आणि मोनॉक्साइड १,२०० पीपीएमला जिवाला तात्काळ धोका मानला जातो, आणि फोम-प्लास्टिकच्या जळत्या खोलीत हे आकडे ओलांडले जायला वेळ लागत नाही. म्हणूनच फिल्टरचा मास्क स्वस्तात मिळतोय म्हणून तो आणणं हा शुद्ध वेडेपणा आहे. साधा फिल्टर मोनॉक्साइड अडवत नाही आणि कोणताच फिल्टर ऑक्सिजन तयार करत नाही.

पण पॉझिटिव्ह प्रेशर आहे म्हणून दाढी चालते, हा समज चुकीचा. फटीतून धूर आत आला नाही तरी हवा बाहेर जात राहते, म्हणजे तुमचे १,८५० लिटर खोलीला दान होतात. जोराने श्वास ओढताना क्षणभर आतला दाब बाहेरच्या खालीही जातो, आणि मग फट दोन्ही बाजूंनी उघडी असते. सीलच्या रेषेखाली दाढी, केस, चष्म्याची काडी, टोपीची कड, काहीच नको. चष्मा लागणाऱ्यांना मास्कच्या आत बसवायची काचेची चौकट मिळते, ती संचासोबतच मागवा. स्वयंसेवी पथकात दाढीचा मुद्दा नेहमी चिघळतो, कारण पगार न देता कोणाला हनुवटी साफ करायला सांगणं जड जातं. दाढी ठेवणाऱ्याला पंप चालवायला, पाणी जोडायला, आत गेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या टॅली-बोर्डवर उभं राहायला काम भरपूर असतं. आत जायचं नाही, एवढंच.

मास्क प्रत्येकाचा स्वतःचा हवा. संच चार असले तरी आत जाणारी माणसं बारा असतील तर मास्क बारा घ्या. चेहरे वेगळे, माप वेगळं. यंत्राने मोजून केलेल्या फिट-चाचणीत पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला अमेरिकी नियमाप्रमाणे किमान ५०० चा आकडा (मास्कबाहेरचे कण आतल्यांच्या किती पट, तो) यावा लागतो, आणि तो ज्याच्या मास्कवर येतो त्याच्याच चेहऱ्यापुरता खरा असतो. मास्कमधला नाक-तोंडावर बसणारा छोटा आतला मास्क काढून टाकण्याची खोड काहींना असते, गुदमरल्यासारखं वाटतं म्हणून. तो काढला की काच धुकटते आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा पुन्हा श्वासात येतो. डोकं जड होतं, श्वास वाढतो, हवा लवकर संपते.

काचेबद्दल एक गंभीर तक्रार. ती पॉलिकार्बोनेटची असते आणि हे प्लास्टिक १५० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. अंगावरच्या कोट-पँटपेक्षा मास्कची काच आधी हार मानते, म्हणजे संपूर्ण पोशाखातला सगळ्यात कच्चा भाग नेमका नाकासमोर आहे. अमेरिकी मानकात २०१३ पासून काचेला चौरस मीटरला १५ किलोवॅटची उष्णता पाच मिनिटं सोसण्याची चाचणी आली, त्यामुळे त्याआधीचे मास्क टाळावेत. तरीही लक्षात ठेवायचं: खोली भडकायच्या क्षणी जमिनीवर २० किलोवॅट आणि छताखाली ६०० अंश असं धरतात. कोटाच्या मानकातला उष्णतेपासूनच्या संरक्षणाचा किमान आकडा (टीपीपी) ३५ आहे, म्हणजे त्या चाचणीच्या प्रखर झळीत दुसऱ्या दर्जाचा भाजण्याचा घाव व्हायला साडेसतरा सेकंद. काचेला बारीक भेगा, बुडबुडे, धूसरपणा दिसला तर तो मास्क खूप तापून आलेला आहे. पुसून पुन्हा टांगायचा नाही, बाद करायचा.

पूर्वी यातून सुटायला वेळ मिळायचा. यूएल या अमेरिकी चाचणी संस्थेने केलेल्या तुलनेत जुन्या धर्तीच्या लाकूड-कापसाच्या सामानाच्या खोलीला भडकायला २९ मिनिटांहून जास्त लागली, आजच्या फोम-सिंथेटिकच्या खोलीला चारसुद्धा नाहीत. पथक घरून निघून, गाडी काढून पोचेपर्यंत तो क्षण बऱ्याचदा होऊन गेलेला असतो. तेव्हा ‘आत कोणी वाचण्यासारखं आहे का’ हा प्रश्न दारात उभं राहून विचारायचा असतो. अमेरिकेतल्या फिनिक्स शहराचे एकेकाळचे अग्निशमन प्रमुख ॲलन ब्रुनासिनी यांनी रूढ केलेली पायरी अशी: वाचू शकणाऱ्या जिवासाठी मोजून-मापून मोठा धोका घ्यायचा, वाचू शकणाऱ्या मालमत्तेसाठी थोडा, आणि जे आधीच गेलं आहे त्यासाठी अजिबात नाही. छत खचतंय, आत कोणी असल्याची खबर नाही, पाण्याची एकच लाइन आहे, तर बीए सेट गाडीतच राहू द्या आणि बाहेरून पाणी मारा. हवेचा संच पाठीवर असला की आत जाण्याची खुमखुमी येते, हा या उत्पादनाचा माहितीपत्रकात न छापलेला दुष्परिणाम आहे.

किती संच घ्यायचे? चारपेक्षा कमी घेऊ नयेत. दोन संच घेतलेली पथकं बघवत नाहीत. आत दोघे जाणार, कारण एकट्याने जायचं नाही. आणि ते अडकले तर त्यांना आणायला बाहेर दोघे संच चढवून तयार हवेत. ‘दोन आत, दोन बाहेर’ हा ओशा या अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या १९९८ च्या श्वसन-संरक्षण नियमातला भाग आहे. बाहेरच्या दोघांपैकी एकाला दुसरं काम देता येतं, पण ते सोडून तो लगेच आत जाऊ शकला पाहिजे आणि त्याने ते काम सोडल्यामुळे कोणी धोक्यात येता कामा नये. एकटाच पंप चालवणारा माणूस यात मोजता येत नाही, कारण तो हलला की आतल्यांचं पाणी गेलं. पूर्ण तुकडी जमायच्या आधी जीव वाचवायला जायची मोकळीक त्या नियमात आहे. ती मोकळीक दिसत्या-ऐकू येत्या जिवासाठी आहे, ‘असेल कोणीतरी’साठी नाही. केंद्रीय नियम तिथल्या अनेक राज्यांत स्वयंसेवकांना थेट लागू होत नाही, आणि काही पथकं त्याचाच आडोसा घेतात. हवेचा हिशेब पगारी माणसाला आणि स्वयंसेवकाला सारखाच पडतो.

बाहेरचे दोघेही पुरतात असं नाही. फिनिक्समध्ये २००१ साली एका सुपरमार्केटच्या आगीत एक जवान गेला. त्यानंतर त्या दलाने मुद्दाम सराव लावून मोजलं: अडकलेल्या एका जवानाला बाहेर काढायला सरासरी बारा माणसं आणि एकवीस मिनिटं लागली, आणि वाचवायला गेलेल्या पाचांतला एक स्वतः अडचणीत सापडला. बारा माणसं! छोट्या पथकाकडे कामाच्या दिवशी दुपारी अख्खी गाडी भरायला पाच जण मिळाले तरी नशीब. त्यामुळे शेजारच्या पथकाला पहिल्या हाकेलाच बोलवायचं, आत गेलेल्यांनी अडकल्यावर नाही.

माणसं अडकतात कशी, याचं सगळ्यात वाईट उदाहरण १९९९ सालचं, अमेरिकेतल्या वूस्टर शहरातल्या रिकाम्या शीतगृहाचं. आत बेघर माणसं असतील म्हणून शोधायला गेलेले दोघे बिनखिडक्यांच्या भूलभुलैयात वाट चुकले, हवा संपत आल्याचं त्यांनी रेडिओवर सांगितलं. त्यांना शोधायला गेलेले आणखी चौघेही परतले नाहीत. ज्यांना शोधायचं होतं ते आधीच बाहेर पडले होते. शेवटी तिथल्या अधिकाऱ्याने दारात उभं राहून पुढच्या माणसांना अडवलं, तेव्हा आकडा सहावर थांबला. संच नादुरुस्त होते म्हणून हे घडलं नाही. हवा संपली, एवढंच.

म्हणूनच या परीक्षणात सगळ्यात जास्त गुण एका फळीला. टॅली-बोर्ड, म्हणजे एंट्री कंट्रोल बोर्ड. लंडनच्या स्मिथफील्ड बाजाराच्या तळघरातल्या १९५८ च्या आगीत दोन जवान गेले, आणि त्यानंतर आत जाणाऱ्याची टॅली, दारावरची नोंद आणि कमी हवेची सूचना हे सगळं ब्रिटनमध्ये पक्कं झालं. पद्धत अशी: प्रत्येक संचाला एक टॅली, तिच्यावर नाव आणि सिलिंडरचा दाब. आत जाताना ती बोर्डावर खोचायची, आत गेल्याची वेळ लिहायची, शिट्टीची वेळ काढून शेजारी लिहायची, कुठे आणि कशाला गेले तेही. बाहेर येताना टॅली ज्याची त्याने काढायची, दुसऱ्याने त्याच्यासाठी काढायची नाही. बोर्डवरचा माणूस दुसरं काहीही करत नाही. अंदाजे वेळेच्या एक तृतीयांशाला आणि दोन तृतीयांशाला तो रेडिओवर गेज विचारतो. दोघांपैकी ज्याचा काटा खाली, त्याचाच आकडा जोडीला लागू, आणि दोघे एकत्रच बाहेर येतात. ठरलेल्या वेळी उत्तर आलं नाही तर बाहेरची जोडी आत जायला निघते, ‘जरा थांबून बघू’ म्हणत नाही.

दाब आपोआप बाहेर पाठवणारी टेलिमेट्री आता बऱ्याच संचांत मिळते. चांगली आहे, पण तळघरात आणि जाड काँक्रीटमागे सिग्नल तुटतो, बॅटरी लागते, आणि ती असली तरी बोर्ड ठेवावाच लागतो. पैसे मोजके असतील तर टेलिमेट्री सोडा, जादा मास्क घ्या.

पास अलार्म मात्र सोडू नका, आणि तो संचातच बसवलेला घ्या, सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला की आपोआप चालू होणारा. कमरेला वेगळा लटकवलेला जुना अलार्म चालू करायला माणूस नेमका घाईत विसरतो. वीसेक सेकंद हालचाल नाही झाली की तो आधी इशारा देतो, तिसाव्या सेकंदाला पूर्ण बोंबलतो. अमेरिकी मानकाप्रमाणे तीन मीटरवर किमान ९५ डेसिबल. एनआयएसटी या अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने केलेल्या चाचण्यांत १५० अंशांच्या आसपासच काही अलार्मचा आवाज दबून गेला होता, त्यानंतर २००७ च्या आवृत्तीत उष्णतेच्या आणि पाण्याच्या चाचण्या आल्या. त्याआधीचे अलार्म फुकट मिळाले तरी नकोत. सरावात एकजण उभा राहिला की त्याचा अलार्म वाजतो आणि सगळे दुर्लक्ष करायला शिकतात, ही सवय मोडावी लागते: वाजला की प्रत्येक वेळी कोणीतरी बघायचंच.

आता रोजच्या हाताळणीबद्दल, कारण स्वयंसेवी पथकात संच आगीपेक्षा टांगून राहिल्याने जास्त बिघडतो. दर आठवड्याला आणि प्रत्येक वापरानंतर पाच मिनिटांची तपासणी पुरते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, गेज २७० च्या वर आहे ना बघा. व्हॉल्व्ह बंद करा आणि एक मिनिट काट्याकडे बघा, दहा बारपेक्षा जास्त घसरला तर कुठेतरी गळतंय. मग डिमांड व्हॉल्व्हमधून हवा अगदी सावकाश सोडत काटा खाली येऊ द्या आणि शिट्टी कुठे वाजते ते ऐका. झपकन सोडली तर शिट्टीचा आकडा कळत नाही. मास्क चढवा, जोडणीच्या तोंडावर तळहात दाबून श्वास आत ओढा, मास्क चेहऱ्याला चिकटून काही सेकंद तसाच राहिला पाहिजे. हवा चालू करून सीलखाली बोट घाला, हवा बाहेर फसफसली पाहिजे. मग स्तब्ध उभं राहून अलार्म वाजू द्या. डिमांड व्हॉल्व्ह अडला तर मास्कमध्ये थेट हवा सोडणारी बायपासची खुंटी पूर्ण बंद आहे ना बघा. ती किंचित उघडी राहिली की हवा गुपचूप वाहून जाते.

चढवताना होणारी सगळ्यात धोकादायक चूक म्हणजे व्हॉल्व्ह अर्धवट उघडणं. उभं राहून श्वास घेताना सगळं ठीक वाटतं, आत जोराचं काम सुरू झालं की हवा पुरत नाही, आणि माणूस संच बिघडला समजून मास्क ओढतो. पूर्ण उघडायचा, जोडीदाराने हात लावून खात्री करायची. हनुवटी आधी मास्कमध्ये, मग डोक्यावरून पट्टे, खालचे पट्टे आधी ताणायचे, मग कानशिलाचे, सरळ मागे, आणि करकचून नाही. डोकं-मान झाकणारा कापडी हूड मास्कच्या सीलवरून यायला हवा, सीलच्या खाली नाही. कमरेचा पट्टा घट्ट, म्हणजे वजन कमरेवर बसतं. तो सैल ठेवला की संच हेलकावतो आणि खांदे पहिल्या दहा मिनिटांत जातात.

आत अडचण आली तर स्वतःचा मास्क काढून दुसऱ्याला द्यायचा नाही, सिनेमात कितीही शोभून दिसलं तरी. दुसऱ्यासाठी मध्यम दाबाची जादा जोडणी आणि बचाव-हूड घ्या, हा पर्याय बहुतेक संचांत मागवता येतो आणि तो घेण्यासारखा आहे. मात्र त्याने एका सिलिंडरवर दोन माणसं येतात, तेव्हा थेट दाराकडे निघायचं.

आग विझल्यावर राख उपसताना संच सर्रास उतरवला जातो. धूर दिसत नाही, म्हणून हवा चांगली असं नाही. तेव्हाही मोनॉक्साइड असतो. अग्निशामकाचं काम कर्करोगकारक असल्याचं आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०२२ साली पहिल्या गटात नोंदवलं आहे. म्हणून वायू मोजणाऱ्या मीटरने हवा तपासेपर्यंत मास्क चेहऱ्यावर, आणि बाहेर आल्यावर संच माणसांच्या केबिनमध्ये न ठेवता वेगळ्या कप्प्यात. मास्क कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायचा, निर्जंतुक करायचा, सावलीत सुकवायचा. पट्ट्यांच्या विणीत काजळी सगळ्यात जास्त अडकते, तेही धुवा.

सिलिंडर पूर्ण रिकामा करून ठेवू नका, थोडा दाब असू द्या, नाहीतर दमट हवा आत शिरते. भरलेल्या हवेतली ओलसुद्धा रिड्यूसरमध्ये दाब उतरताना गोठू शकते, म्हणून कॉम्प्रेसरच्या फिल्टरला तारखेनुसार बदलणं हे सुरक्षेचंच काम आहे. युरोपीय मानकात श्वसनाच्या हवेत मोनॉक्साइड ५ पीपीएम, कार्बन डायऑक्साइड ५०० पीपीएम, तेल घनमीटरला अर्धा मिलिग्रॅम याहून जास्त चालत नाही. कॉम्प्रेसरच्या हवेच्या नळीचं तोंड गाडीच्या धुराड्याजवळ असेल तर मोनॉक्साइड तिथूनच सिलिंडरमध्ये जातो, आणि तो वासाने कळत नाही.

शेवटी जुन्या संचांबद्दल, कारण मोठी दलं नवं घेतात आणि जुनं छोट्या पथकांना दान देतात. घ्यायला हरकत नाही, पण सिलिंडरवरची तारीख वाचून. कार्बन कॉम्पोझिटची पाण्याच्या दाबाची चाचणी साधारण दर पाच वर्षांनी आणि आयुष्य बहुतेकांचं पंधरा वर्षं. मुदत संपलेला सिलिंडर चांगला दिसतो म्हणून भरायचा नाही. वरच्या थरात खोल ओरखडा, सुटलेले धागे, भाजल्याचा रंग दिसला तर चाचणीआधी बाद. मास्क एका कंपनीचा, डिमांड व्हॉल्व्ह दुसऱ्याचा, सिलिंडर तिसऱ्याचा अशी खिचडी स्वीकारू नका: आटे जुळले तरी मान्यता पूर्ण संचाला असते, सुट्या भागांना नाही. आणि देणाऱ्याला दोन गोष्टी लेखी विचारा: या संचाचे सुटे भाग आणखी किती वर्षं मिळणार आहेत, आणि शेवटची फ्लो-चाचणी (संच हवा नीट पुरवतो का ते यंत्रावर बघणं) कधी झाली. दोन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर संच सरावाच्या खोलीत टांगा, आगीच्या गाडीवर नको.